प्लेटलेट लाखाच्या वर, तरी रक्त थांबेना

संध्याकाळी सातच्या सुमारास तो रक्तपेढीच्या खिडकीशी आला. शर्टाच्या बाहीवर सुताचा भुरका होता. म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातून घरी न जाता थेट दवाखान्यात आणि तिथून आमच्याकडे आलेला. हातात दोन कागद. एक डॉक्टरांची मागणी : एसडीपी (एकाच दात्याच्या प्लेटलेटची पिशवी), १ युनिट. दुसरा लॅबचा रिपोर्ट, त्यातल्या एका आकड्याभोवती पेनानं गोल काढलेला. प्लेटलेट १,१२,०००.

"ताई, जरा बघा की. गेल्या साली पोरीला डेंगी झालता. बावीस हजारावर आलत्या प्लेटलेट, तरी डॉक्टर म्हणले, रक्त कुठून जात न्हाई, द्यायची गरज न्हाई. आन आता आमच्या अण्णांच्या एक लाख बारा हजार हायेत, तरी मागवतेत. असं कसं ओ?"

अण्णा म्हणजे त्याचे वडील. दुपारी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, तीन ठिकाणी बायपास. ऑपरेशन चांगलं झालं, पण छातीतल्या नळ्यांतून रक्त येणं थांबत नव्हतं.

मी सोलापुरात रक्तपेढीत काम करते, तेवीस वर्षं झाली. हा प्रश्न मला शेकडो नातेवाइकांनी विचारला आहे. कुणी हळू आवाजात, कुणी भांडणाच्या सुरात, कुणी 'उगाच बिल वाढवतात' असं मनात धरून. प्रश्न अगदी रास्त आहे. त्या दिवशी पिशवी लवकर पोचवायची होती, त्यामुळे उभ्या उभ्या चार वाक्यांत सांगून त्याला पाठवलं. जे राहिलं ते इथे लिहिते.

आपल्या घराघरांत प्लेटलेट हा शब्द डेंगीनं पोचवला. पावसाळा सरता सरता पपईच्या पानांचा रस आणि रोजचा आकडा, एवढंच सगळ्यांच्या तोंडी. त्यामुळे प्लेटलेट म्हटलं की आपण फक्त किती आहेत ते विचारतो. (खरं तर डेंगीतही डॉक्टरांचं लक्ष त्या आकड्यापेक्षा रक्तवाहिन्यांतून पाझरून जाणाऱ्या पाण्याकडे जास्त असतं.) त्याची मुलगी अंथरुणावर पडून होती, अंगाला कुठे चीर नव्हती. बावीस हजारांवर तिचं निभावलं. अण्णांचं छातीचं हाड मधोमध कापलेलं, पायातली शीर काढलेली, हृदयावर बारीक टाक्यांचे सांधे. तिथे प्लेटलेटला पडणारं काम कैक पटींनी जास्त. आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या प्लेटलेट पावणेदोन तास एका यंत्रातून फिरून आलेल्या होत्या.

त्या यंत्राकडे जाण्याआधी एका शब्दाचा गुंता सोडवू. 'बायपास' या एकाच शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. हृदयाच्या बुजलेल्या नसेला वळसा घालून नवी शीर जोडतात, तो एक बायपास. दुसरा बायपास यंत्राचा. ऑपरेशन चालू असताना शरीरातलं रक्त हृदय आणि फुप्फुस यांना वळसा घालून बाहेरच्या यंत्रातून फिरवतात. जड वाहतूक गावात न आणता बाहेरून काढतात, तसंच हे. ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले, लोक त्याला नुसतं 'पंप' म्हणतात. पेशंटला पंपवर घेतलं, पंपवरून उतरवलं, पंप टाइम अमुक मिनिटं. पहिला बायपास दुसऱ्याशिवायही करता येतो, धडधडत्या हृदयावर. त्याला ऑफ पंप म्हणतात. आपल्या देशात तो बराच केला जातो. अण्णांचं हृदय कमजोर होतं, म्हणून सर्जननी पंप घेतला.

प्लेटलेट म्हणजे नक्की काय

मराठीत त्यांना बिंबिका म्हणतात, पण प्लेटलेटच बोलीत रुळलं आहे. या पूर्ण पेशीही नव्हेत, पेशींचे तुकडे आहेत. हाडांच्या मगजात प्रचंड आकाराच्या पेशी असतात, त्यांच्यापासून सुटून हे तुकडे रक्तात येतात. त्यांना केंद्रक नसतं. आकार २-३ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीत पंचवीस-तीस मावतील. आयुष्य सात ते दहा दिवसांचं. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख असतात. रक्त थांबवण्यात त्यांचा हात असतो हे इटलीच्या जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं.

एरवी त्या चपट्या चकतीसारख्या, शांत असतात. शांत असतात कारण रक्तवाहिनीचं आतलं अस्तर त्यांना शांत ठेवतं. हे अस्तर जिवंत आहे. ते नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन नावाची द्रव्यं सतत सोडत असतं, आणि ती द्रव्यं प्लेटलेटला चिकटू देत नाहीत. अस्तर फाटलं की खालचा कोलॅजन उघडा पडतो. त्याच्यावर रक्तातलं एक लांब प्रथिन दोरीसारखं अडकतं आणि वाहत्या प्रवाहातली प्लेटलेट त्या दोरीला धरते. धरली की चकतीची गोळी होते, तिला बारीक पाय फुटतात आणि ती आपल्या पोटातल्या पुड्या बाहेर ओतते. त्या पुड्यांतली रसायनं आजूबाजूच्या प्लेटलेटला हाक मारतात. मग त्या एकमेकींचे हात धरून थर रचतात आणि त्यावर फायब्रिनच्या धाग्यांची जाळी बसते. सोलापूरकराला वेगळं सांगायला नको, नुसत्या सुताचं कापड होत नाही, ते कुठेतरी ताणून धरावं लागतं. फायब्रिनचं सूत ताणून, आवळून घट्ट करायचं काम प्लेटलेटच करतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. प्लेटलेटच्या अंगावर दोन तऱ्हेचे हात असतात. एक भिंतीवरची दोरी धरणारा, दुसरा शेजारणीला धरणारा. डॉक्टरी भाषेत पहिला जीपी वन-बी, दुसरा जीपी टू-बी थ्री-ए. आणि पोटातल्या पुड्या एकदा ओतल्या की संपल्या. केंद्रकच नसल्यानं त्या नव्यानं भरण्याइतका कारखाना तिच्याकडे नसतो.

आता पंपाकडे

हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाड नळी घालून शरीरातून परतणारं काळपट रक्त बाहेर घेतात. ते एका टाकीत साठतं. तिथून पंप ते पुढे ढकलतो. रोलर पंप असेल तर फिरणारे रूळ मऊ नळी दाबत दाबत रक्त पुढे सरकवतात. हा पंप मायकल डिबेकी यांनी १९३४ च्या सुमारास रक्त चढवण्यासाठी सुधारून घेतला होता, हे मला रक्तपेढीतली बाई म्हणून फार आवडतं. हृदयाच्या यंत्राचा मुख्य भाग मुळात आमच्या कामासाठी आलेला! पंपातून रक्त ऑक्सिजनेटरमध्ये जातं. तिथे केसासारख्या हजारो पोकळ तंतूंचा जुडगा असतो. तंतूंच्या आतून ऑक्सिजन, बाहेरून रक्त. मोठ्या माणसाच्या ऑक्सिजनेटरमध्ये या तंतूंचं एकूण क्षेत्र साधारण दोन चौरस मीटर भरतं, म्हणजे आपल्याकडचे दोन मोठे टॉवेल अंथरल्याएवढं. तिथेच रक्त गार किंवा गरम करायची सोय असते. मग गाळणी, आणि तिथून लाल झालेलं रक्त महाधमनीत परत. हा सगळा संसार सांभाळणारा माणूस परफ्युजनिस्ट. ऑपरेशनच्या गोष्टीत त्याचं नाव कुणी घेत नाही, पण तेवढा वेळ पेशंटचं हृदय आणि फुप्फुस तोच असतो.

एवढ्या मार्गात कुठेही ते जिवंत अस्तर नाही. सगळं प्लास्टिक.

आमच्या लॅबमध्ये साध्या काचेच्या नळीत रक्त घेतलं तर काही मिनिटांत ते थिजतं. परका पृष्ठभाग दिसला की रक्त स्वस्थ बसत नाही. भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकाजवळून जाताना मला हे आठवतं. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि पुढे कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. याच बेथ्यूननी त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात बाटल्यांतून रक्त भरून आघाडीवर नेलं होतं. काचेच्या बाटलीतून प्लेटलेट वेगळ्या काढून नीट ठेवणं जमत नसे. १९५० च्या आसपास प्लास्टिकची रक्तपिशवी आली आणि मग हळूहळू प्लेटलेट वेगळ्या देता येऊ लागल्या. काचेपेक्षा प्लास्टिक बरं एवढंच. अस्तराची सर त्याला नाही.

रक्त पंपाच्या नळ्यांत शिरताक्षणी, काही सेकंदांतच, रक्तातली प्रथिनं प्लास्टिकवर जाऊन बसतात. त्यात फायब्रिनचं सूत ज्यापासून बनतं ते फायब्रिनोजेन असतं. पृष्ठभागावर बसलेल्या फायब्रिनोजेनचा आकार जरा बदलतो, आणि शांत प्लेटलेटलाही तिथे हात अडकवता येतो. कुठे जखम नसताना तिला वाटतं, जखम सापडली. ती चिकटते, पुड्या ओतते. काही तिथेच राहतात, काही सुटून पुन्हा प्रवाहात येतात, पण त्या पहिल्यासारख्या राहिलेल्या नसतात. काही जाता जाता पांढऱ्या पेशींना चिकटतात.

हे एकदाच होत नाही. साधा हिशोब करा. साठ किलोचा माणूस, अंगात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त. नळ्या भरायला यंत्रात आधीच एक-सव्वा लिटर सलाइनसारखा द्रव घातलेला. दोन्ही मिळून साडेपाच लिटर धरू. पंप मिनिटाला चार लिटर फिरवतो. म्हणजे दर दीड मिनिटाच्या आत सगळं रक्त एकदा प्लास्टिकवरून जाऊन येतं. शंभर मिनिटांत सत्तरेक फेऱ्या. म्हणून सर्जन 'पंप टाइम' एवढा जपतात. जितक्या फेऱ्या जास्त, तितकी प्लेटलेटची झीज जास्त.

त्या द्रवाचा परिणाम आकड्यावरही होतो. अण्णांच्या प्लेटलेट आधी २,२०,००० असतील, तर नुसत्या पातळ झाल्यामुळे त्या १,७०,००० च्या घरात येतात, एकही न मरता. पुढची घट चिकटण्यानं आणि खर्च होण्यानं.

मग घासणं. रूळाखाली दाबलं जाणं, अरुंद नळीच्या तोंडातून जोरात निसटणं, तंतूंच्या दाटीतून वाट काढणं. या ओढाताणीत प्लेटलेटच्या अंगावरचे हात, विशेषतः दोरी धरणारा पहिला हात, काही प्रमाणात गळून पडतात. गुठळी विरघळवणारं प्लास्मिन नावाचं द्रव्य याच काळात वाढतं, तेही त्या हातांना कुरतडतं.

सगळ्यांत वाईट वाट मात्र पंपाची नव्हे, सक्शनची. छातीच्या पोकळीत साठलेलं रक्त चोषून पुन्हा यंत्राच्या टाकीत घेतात, वाया जाऊ नये म्हणून. पण हे रक्त कापलेल्या मांसाला लागलेलं असतं, हवेशी घुसळलेलं असतं. कापलेल्या मांसात गोठण्याची ठिणगी टाकणारं द्रव्य असतं. ते रक्तात मिसळलं की थ्रोम्बिन तयार होतं, आणि प्लेटलेटला उठवणारं त्याच्याइतकं जोरकस दुसरं काही नाही. आता बऱ्याच ठिकाणी हे रक्त थेट परत न घेता सेल सेव्हर यंत्रात धुऊन घेतात. धुण्यात लाल पेशी वाचतात, प्लेटलेट मात्र वाहून जातात. एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागतं.

हेपारिनची दोन तोंडं

इतकं होऊनही यंत्रात रक्ताचा दगड का होत नाही? हेपारिनमुळे. १९१६ साली अमेरिकेत जे मॅक्लेन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारं द्रव्य शोधत होता, त्याला सापडलं न गोठू देणारं. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्यापासून काढतात. हेपारिन नसतं तर पंपही नसता. पंपाची कल्पनाच एका गुठळीतून आली. बोस्टनमध्ये १९३१ साली जॉन गिबन या तरुण डॉक्टरनं फुप्फुसात गुठळी अडकलेल्या एका बाईजवळ रात्रभर बसून तिचं रक्त काळं पडत जाताना पाहिलं. हे काळं रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत घालता आलं तर, असं त्याच्या मनात आलं. त्याची बायको मेरी प्रयोगशाळेत त्याच्या जोडीनं राबली. बावीस वर्षं गेली. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं भोक त्यानं बंद केलं. तेव्हा २६ मिनिटं तिचं हृदय आणि फुप्फुस म्हणजे ते यंत्र होतं.

पंपवर घेण्याआधी किलोमागे ३०० ते ४०० युनिट हेपारिन देतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तिथल्या तिथे मोजतात. एरवी दोनेक मिनिटांत गोठणारं रक्त आठ मिनिटांपर्यंत, म्हणजे ४८० सेकंदांपर्यंत गोठता कामा नये, ही नेहमीची खूण. ऑपरेशन संपल्यावर हेपारिन उतरवायला प्रोटामिन देतात. तेही गंमतशीर ठिकाणचं, सामन माशाच्या नराच्या वीर्यातलं. प्रोटामिन कमी पडलं तर हेपारिन उरतं आणि रक्त वाहतं. जास्त झालं तर ते स्वतःच प्लेटलेटच्या कामात आडवं येतं.

त्यात थंडी. पंपवर शरीर बऱ्याचदा ३२-३४ अंशांपर्यंत गार ठेवतात, मोठ्या ऑपरेशनमध्ये त्याहून खाली. गारठलेली प्लेटलेट सुस्तावते. ऊब मिळाली की हा दोष बराचसा जातो. म्हणून आयसीयूत पहिले काही तास पेशंटवर गरम हवेचं पांघरूण घातलेलं दिसतं. रक्त थांबवण्याचं ते एक औषधच आहे.

आणि गोळ्या. अण्णा दोन वर्षं रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या घेत होते. क्लोपिडोग्रेल ऑपरेशनच्या पाच दिवस आधी डॉक्टरांनी थांबवली होती, ॲस्पिरिन चालू ठेवली होती. दोन्ही गोळ्या प्लेटलेटला जन्मभरासाठी अधू करतात, जन्म आठ-दहा दिवसांचा असला तरी. गोळी थांबवल्यावर जुन्या प्लेटलेट सुधारत नाहीत. नव्या येतील तेवढ्याच धडधाकट. पाच दिवस थांबायचं ते त्यासाठी. इथे हात जोडून सांगते, या गोळ्या कधी थांबवायच्या हे फक्त डॉक्टरांनी ठरवायचं. स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) घातलेल्या माणसानं स्वतःच्या मनानं गोळी सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव जाऊ शकतो.

आता त्या गोल केलेल्या १,१२,००० कडे परत येऊ. लॅबचं मशीन एका बारीक भोकातून रक्त पाठवतं आणि ठरावीक आकाराचे कण मोजतं. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी आपल्या गावानं वर्षानुवर्षं पाहिलं आहे, टँकर काय चीज आहे ते लहान पोरालाही ठाऊक. समजा कुणी नाक्यावर उभं राहून टँकर मोजले आणि सांगितलं, एकशेबारा टँकर आहेत, काळजी नको. त्यातल्या किती टँकरमध्ये पाणी आहे, हे त्याला कसं कळणार? पंपवरून उतरलेल्या प्लेटलेटचं तसं असतं. काही रिकाम्या, काहींचे हात गळालेले, काही ॲस्पिरिननं अधू. मशीन सगळ्यांना एकेक धरून मोजतं.

ही उपमा मी त्याला दिली आणि त्याला ती लगेच पटली. पण ती पूर्ण खरी नाही, हेही सांगायला हवं. सगळे टँकर रिकामे नसतात. संशोधकांमध्ये यावर बराच वाद झाला आहे. काहींचं म्हणणं असं, की पुष्कळशा प्लेटलेट मुळात भरलेल्याच असतात, पण हेपारिननं थ्रोम्बिनला गप्प केल्यामुळे आणि थंडीमुळे त्यांना कुणी उठवतच नाही. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं, कारण पेशंट ऊब मिळून, हेपारिन उतरून काही तासांतच सुधारताना दिसतात. बहुतेकांचा दोष एका दिवसात बराचसा निघून जातो. पुड्या ओतलेल्या प्लेटलेट इतक्या लवकर भरत्या झाल्या नसत्या.

काम मोजायच्या तपासण्या आहेत. १९६२ साली गुस्ताव बॉर्न यांनी एक साधी युक्ती काढली. प्लेटलेटनं गढूळ झालेल्या प्लाझ्मातून प्रकाश सोडायचा आणि त्यात हाक मारणारं रसायन टाकायचं. प्लेटलेट एकत्र गोळा झाल्या की पाणी निवळतं, प्रकाश जास्त पार जातो. (हे गुस्ताव म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांचे चिरंजीव. वडील १९३५-३६ मध्ये काही महिने बंगळुरूला शिकवायला होते.) ओटीत जास्त उपयोगी पडते ती थ्रोम्बोइलॅस्टोग्राफी, जर्मनीत १९४८ साली हेल्मुट हार्टर्ट यांनी मांडलेली. छोट्या पेल्यात रक्त हलवत ठेवतात आणि गुठळी किती लवकर धरते, किती घट्ट होते याचा आलेख मिळतो. हे यंत्र नसेल तर डॉक्टर नळ्यांत तासाला किती मिलिलिटर रक्त जमतंय आणि त्यात गुठळ्या दिसतात का, हे बघून ठरवतात. तीही तपासणीच आहे, माणसानं डोळ्यांनी केलेली.

प्लेटलेट देणं हा बहुतेक वेळा पहिला उपाय नसतो, नसावाही. ऑपरेशनच्या सुरुवातीपासून ट्रानेक्झॅमिक ॲसिड देतात. जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ साली मांडलेलं हे औषध तयार गुठळी विरघळू देत नाही, आणि स्वस्त आहे. यंत्राच्या नळ्यांना आतून लेप देतात, कधी हेपारिनचा, कधी पेशींच्या आवरणासारख्या पदार्थाचा. आपल्या साइझिंगमध्ये सूत घासून तुटू नये म्हणून खळ लावतात ना, तोच विचार. फक्त इथे खळ सुताऐवजी वाटेला लावायची. नळ्या आखूड ठेवतात, भरायचा द्रव कमी करतात. रक्त येत राहिलं तर आधी शरीराचं तापमान बघतात, प्रोटामिन आणि कॅल्शियम बघतात, फायब्रिनोजेन बघतात. एखादा टाका सुटला असेल तर कितीही प्लेटलेट घाला, उपयोग नाही. शंभरातल्या दोन ते पाच जणांना पुन्हा ओटीत नेऊन छाती उघडून बघावं लागतं. अण्णांचं हे सगळं बघून झालं होतं. उरला होता प्लेटलेटचा दम, म्हणून ती मागणी.

एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून यंत्रानं घेतलेल्या प्लेटलेट. दाता तास-दीड तास खुर्चीत बसतो, यंत्र त्याचं रक्त घेतं, फिरवून प्लेटलेट काढतं, बाकीचं परत देतं. त्यात रक्त न गोठण्यासाठी सायट्रेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून दात्याच्या ओठांना मुंग्या येतात. घाबरायचं नसतं, सांगायचं असतं. एका पिशवीनं आकडा तीस ते पन्नास हजारांनी वाढतो. पण या पेशंटमध्ये आम्हाला आकडा वाढवायचा नसतो, भरलेले टँकर पाठवायचे असतात. म्हणूनच दात्याला आम्ही परत परत विचारतो, गेल्या तीन दिवसांत डोकेदुखीला डिस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिनच, घेतली का? खरं सांगा. त्या गोळीनं दात्याच्या प्लेटलेट अधू झाल्या असतील, तर पिशवी भरलेली दिसेल आणि काम करणार नाही.

पिशवी देताना त्यानं डबा पुढे केला आणि म्हणाला, "ताई, बर्फ टाका की, बाहेर किती उकडतंय." सगळेच असं म्हणतात, कारण लाल रक्ताची पिशवी आम्ही गारच देतो. प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या ट्रेवर ठेवाव्या लागतात, आणि पाचच दिवस टिकतात. फ्रिजमध्ये ठेवलेल्या प्लेटलेटचा आकार बदलतो आणि शरीरात गेल्यावर यकृत त्यांना लवकर बाजूला काढतं. म्हणून बिनबर्फाचा डबा, गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, मांडीवर घ्यायचा, थेट जायचं.

रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. नळीतलं रक्त तासाला तीस मिलिलिटरवर आलं होतं. आवाजात रडू होतं. आणि लगेच दुसरी शंका, "ताई, डॉक्टर म्हणतेत ॲस्पिरिन आता परत सुरू करायची. आत्ताच तर रक्त थांबलंय!" ही शंकाही खरी. पण त्याच प्लेटलेट, जाग्या झाल्या की, नव्यानं जोडलेल्या शिरांच्या सांध्यांवर जाऊन बसतात. तिथे गुठळी झाली तर सगळं ऑपरेशन फुकट. म्हणून रक्त आटोक्यात आलं की पहिल्या दिवसाच्या आतच ॲस्पिरिन सुरू करतात. शिवाय पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान प्लेटलेट अचानक निम्म्यावर आल्या तर तो पंपाचा परिणाम मानून सोडून देत नाहीत. क्वचित काहींच्या शरीरात हेपारिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, आणि त्यात आकडा घसरत असतानाच गुठळ्या होतात. त्यासाठीच त्या दिवसांत वारंवार रक्त तपासतात.

नवव्या दिवशी तो पुन्हा खिडकीशी आला. ह्या वेळी बाहीवर सूत नव्हतं, अंगात धुतलेला शर्ट होता, हातात घरच्या शेंगा चटणीची पुडी. अण्णांना घरी सोडत होते. त्यानं खिशातून रिपोर्ट काढला. पुन्हा तोच पेनाचा गोल. प्लेटलेट ४,८०,०००.

"आता ह्या जास्त झाल्या की ओ, ताई?"

जास्तच होत्या. इतका खर्च झाल्यावर मगज भरपाई करायला लागतो आणि काही दिवस गरजेपेक्षा जास्त माल काढतो. दोन-तीन आठवड्यांत आपोआप खाली येतात. आणि या वेळच्या जवळजवळ सगळ्या नव्या होत्या, पंप न पाहिलेल्या.